एकेचाळिसावं उदाहरण

प्रल्हाद, तुझं उत्तर बरोबर होतं.

हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तपासू, मागाहून तपासू म्हणता अडीच वर्षं गेली, आणि आता ऐकायला तू नाहीस. कावीळ झाली म्हणून तुला नांदुऱ्याहून पिंपळगाव राजाला आईकडे नेलं, असं तुझ्या भावाचं कार्ड बुधवारी आलं. कावीळच आहे, उतरेल, रविवारी जाऊ, असं मी म्हटलं. शुक्रवारी तू गेलास. मी रविवारीच आलो. ठरवल्याप्रमाणे.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. तिथं तुला मनमिळाऊ म्हणाले. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि शेजारी कोपर मारायला तू हवा होतास. मनमिळाऊ! नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात ज्यानं मेसच्या आचाऱ्याला सुनावलं होतं, "महाराज, तुमची दाळ समतोलात गेली. पानी वर, दाळ खाली. आता बाहेरून कोनी ढवळल्याबिगर ह्याच्यात फरक पडत नाही." आचारी पळी घेऊन उठला आणि मी तुला ओढत बाहेर नेलं. आपली ओळख ती तिथली. वर्गात बुलढाणा जिल्ह्याचे आपण दोघंच. मी जानेफळचा, तू पिंपळगावचा. दोघांच्या गावांमध्ये अर्धा जिल्हा पडतो, पण नागपूरला तेवढं अंतर म्हणजे एकच गल्ली.

माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तुझ्या घरात तू. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो आणि कोणाला आवडलं नाही तर नाही. पण आपल्या दोघांत एक फरक होता आणि तो मला फार उशिरा कळला. आमच्या घरी छापील कागदाला पाय लागला तर वडील तो उचलून कपाळाला लावायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून जास्तच. माझं इंग्रजी तिसरीचं पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं असायचं आणि हात धुतल्याशिवाय ते घ्यायचं नाही, असा दंडक होता. तुमच्याकडं भाजीचा मळा. तुमच्याकडं रद्दी यायची ती मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, गुंडाळायला. तू वाचायला शिकलास तोच त्या कागदांवर. तुझ्या लेखी छापलेलं म्हणजे कोणीतरी लिहिलेलं. माझ्या लेखी छापलेलं म्हणजे खरं.

आपली उदाहरणं सोडवायची रीत तुझीच. पाटीवर गणित मांडून झालं की दुसऱ्यानं ते तोंडानं सांगायचं, पायरीपायरीनं, एक इंग्रजी शब्द न घेता. अडला की गणित समजलं नाही असं धरायचं, उत्तर जुळलेलं असलं तरी. मला हे सुरुवातीला पोरखेळ वाटायचा.

"आता सांग," तू म्हणायचास.

"ह्या समीकरणाची आयगेनव्हॅल्यू—"

"इंग्रजी नाही."

"अबे, त्याले शब्दच नाही आपल्यात."

"एक शब्द नसंल तं दहा वापर. गाडी चुकून राह्यली का तुही?"

मग मी चरफडत सांगायचो की, वीज मोजायला गेलं तर कोणताही आकडा येऊ शकत नाही, काही ठरावीक आकडेच येतात, जिन्यावर पाय ठेवावा तसे, ह्या पायरीवर नाही तर दुसऱ्या पायरीवर, मध्ये कुठं नाही. तू म्हणायचास, "वीज काऊन मधात आनली बे? ऊर्जा म्हन. ऊर्जा तं आपलाच शब्द हाय." आणि खरं सांगतो, हे असं सांगता सांगता मला जे समजलं ते वर्गात दोन वर्षांत समजलं नव्हतं. पहिला वर्ग मला मिळाला. तुला दुसरा. कारण तुझ्या डोक्यात वारं. परीक्षेत उष्मागतिकीच्या प्रश्नाखाली तू लिहून आलास, 'प्रश्नात दिलेली माहिती अपुरी आहे.' अरे, असेल अपुरी! तपासणाऱ्याला ते कशाला सांगायचं? मी तुला त्या दिवशी रडकुंडीला येऊन बोललो. तू म्हणालास, "अपुरी हाय म्हनून अपुरी लिवलं. त्याच्यात रडाले काय झालं?"

मला खामगावला कॉलेजात जागा मिळाली. तू नांदुऱ्याला हायस्कुलात लागलास आणि आठवी-नववीला उष्णता आणि प्रकाश शिकवू लागलास. पण रविवार आपला होता. सकाळच्या एसटीनं तू यायचास, पिशवीत कोथिंबीर, वांगी आणि कोरे कागद. आमच्या घरी ती भाजी उतरली की आमची मंडळी म्हणायची, "आले तुमचे दुसरे कुटुंब." कॉलेजच्या लायब्ररीत ते निळ्या कापडी बांधणीचं उदाहरणांचं इंग्रजी पुस्तक होतं. नुसते प्रश्न, आणि शेवटच्या दहा-बारा पानांत नुसती उत्तरं. कसं सोडवायचं ते कुठंच नाही. ते पुस्तक चार वर्षं आपल्या दोघांशिवाय कोणी उघडलं नाही. पाठीमागच्या चिठ्ठीवर माझीच सही एकाखाली एक.

त्यातूनच तुझ्या वहीचं निघालं. खेड्यातून पुढं जाणाऱ्या पोरांसाठी ही उदाहरणं मराठीत सोडवून दाखवायची. नुसती सूत्रं नाही, बोलून दाखवल्यासारखी. मी तेव्हाही म्हटलं आणि अजूनही पुरतं मागं घेत नाही की हा खटाटोप आहे. राज्य मराठीचं झालं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, म्हणून क्वांटम मेकॅनिक्स मराठीत होत नाही. "पेपर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. तू पोट्ट्यांचं नुकसान करून राह्यला," मी म्हणायचो. तू म्हणायचास, "समजलं तं कोनत्याही भाषेत लिवता येते. समजलंच नाही तं इंग्रजीत तरी काय लिवतीन?" हा वाद आपण किती रविवार केला, त्याला मोजदाद नाही. तो संपला नाही. मला वाटायचं, आणखी तीस वर्षं पुरेल.

आता एकेचाळिसावं उदाहरण. तुला पाठ आहे, पण मला ते नीट मांडू दे, कारण त्यावर पुढचं सगळं आहे. एक बंद पेटी. आत एकच कण, सगळ्यांत खालच्या पायरीवर, म्हणजे त्याहून कमी ऊर्जा त्याला असूच शकत नाही. पेटीच्या बरोबर मध्ये एक अगदी पातळ भिंत सावकाश खाली सोडायची. हे करायला किती काम पडेल?

पुस्तकात मागं उत्तर होतं, शून्य.

मलाही शून्यच वाटलं. भिंतीला जाडी नाही, ती जागा खात नाही, पेटी होती तेवढीच राहिली, कोणाला ढकललं नाही, दाबलं नाही. काम कशाचं? तू म्हणालास, "दिग्या, कन म्हनजे गोटी नाही. लाट हाय. अन् ती लाट मधातच सगळ्यांत उंच हाय. तू नेमकी तथीच भिंत घालून राह्यला. लाट तथी दाबल्या जाते. तिले दोन घड्या घ्या लागते. फुकट कशी घेईन?" तुझ्या हिशेबानं ऊर्जा चौपट होत होती, म्हणजे मूळच्या तिप्पट काम. मी म्हटलं, मागचं पान पाहा. तू म्हणालास, मागचं पान चुकलं आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी तू मला मुद्दाम पिंपळगावला मळ्यात नेलंस. मोटेचा जुना दोर घेतलास, एक टोक लिंबाच्या खोडाला बांधलं, दुसरं हातात धरून असा फिरवलास की मध्ये मोठा फुगवटा झाला. तुझी आई वांग्याच्या वाफ्यात निंदत होती. तिला हाक मारलीस.

"माय, इकडं ये. हा दोर झाडापाशी धर."

तिनं खुरपं ठेवून खोडाजवळ दोर मुठीत घेतला. "धरला. मंग?"

"ताकद लागून राह्यली का?"

"कायची ताकद? काईच नाही."

"आता मधात धर. हळूहळू."

तिनं मध्ये हात घातला आणि झटक्यानं काढून घेतला. "आगं माय! हात निंगते का माहा?" मग पुन्हा, पदर खोचून, दोन्ही हातांनी तो हळूहळू आवळत आणला. दोर दोन भागांत फिरायला लागला, आणि तुझ्या हातालाही आता जोरानं फिरवावा लागत होता. तुला दम लागला होता. तू माझ्याकडं पाहून म्हणालास, "इचार आता तिले, शून्य हाय का म्हनून."

मावशी (तुझ्या आईला मी मावशीच म्हणायचो) हसत म्हणाली, "ह्याच्यासाठी तुमी एमएशी झाले का रे बापूहो?"

मी हसलो नाही. मी म्हटलं, दोर म्हणजे कण नव्हे. हे उदाहरण झालं, सिद्धता नव्हे. हे म्हणायला मी मोकळा होतो. पण गणित करून पाहायला मी मोकळा असूनही बसलो नाही, हेही खरं. दहा ओळींचं गणित होतं. मागं शून्य छापलेलं असताना ते करून पाहणं मला पुस्तकाला पाय लावण्यासारखं वाटत होतं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तू हसला असतास आणि तिथंच संपलं असतं.

पण ते संपायचं होतं कॉलेजच्या शिक्षकखोलीत. तू शनिवारी शाळा सुटल्यावर सरळ कॉलेजात आलास, सायकलच्या क्लिपा पायाला तशाच. चार-पाच जण चहा घेत बसले होते. त्यात पुण्याहून आलेले रसायनशास्त्राचे जोगळेकर. मी सहा महिने त्यांच्यासमोर 'मले', 'तुले' गिळून 'मला', 'तुला' घोटून घोटून बोलत होतो. तू दारातूनच म्हणालास, "दिग्या, अबे सापडलं! पुस्तकच चुकलं हाय, मी तुले लिवून दाखवतो."

जोगळेकरांनी कप खाली ठेवला. "कोणतं पुस्तक चुकलं म्हणालात?" तू नाव सांगितलंस. त्यांच्या भुवया वर गेल्या. सगळे माझ्याकडं पाहू लागले. आणि मी म्हटलं, "प्रल्हाद, मेथीच्या जुड्या बांधता बांधता तुला इंग्रजांच्या पुस्तकात चूक सापडली का?"

ते हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तू कागद घडी करून खिशात ठेवलास. म्हणालास, "मेथीची जुडी सोडून आत पाह्यता येते, दिगंबरराव." आणि चहा घेतलास. तो नाकारलाही नाहीस. साखर जास्त आहे म्हणालास.

दिगंबरराव. नागपूरच्या दोन वर्षांत आणि नंतरच्या सगळ्या रविवारांत मी दिग्या होतो, दिगू होतो, चिडलास तर बह्याड होतो. त्या दिवसापासून तू मला 'अहो' म्हणू लागलास. लोकांना तो मान वाटला. माझी मंडळी म्हणाली, "प्रल्हादभावजी सुधारले हो." मी तिला काही सांगितलं नाही. मान देऊन माणसाला इतकं दूर बसवता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवार लगेच बंद झाले नाहीत. आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. कोथिंबीर यायची, कागद यायचे नाहीत. आपण पाऊसपाणी बोलायचो. एकदा म्हणालास, "तुमचं कसं काय?" आणि मी 'ठीक' म्हटल्यावर आपण दोघं उगाच अंगणाकडं पाहत बसलो. मी माफी मागितली नाही. मनात वाटायचं, उत्तर तर माझंच बरोबर आहे, पुस्तकात आहे, मग शब्द थोडा जड गेला म्हणून काय झालं? उत्तराच्या आड मी दडून बसलो होतो. उत्तर बरोबर असलं की अपमानही बरोबर ठरतो, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात असावा.

सव्वा वर्षानं तू वही घेऊन आलास. अठ्ठावन्न उदाहरणं. तुझं अक्षर मुळातच खराब, पण ही वही तू पुन्हा लिहून काढली होतीस, शाळेतल्या पोरांना शिकवावी तशी ठळक. म्हणालास, "वेळ भेटला की पाहा. घाई नाही. तुमच्याबिगर तपासनारं इकडं कोनी नाही." मी ती ट्रंकेत ठेवली. चौदा महिने ती तिथं होती. उघडली असती तर एकेचाळिसावं उदाहरण समोर आलं असतं. म्हणून उघडली नाही.

शेवटची भेट नांदुऱ्याच्या स्टेशनावर. मी भुसावळकडून येत होतो, तिथं उतरून खामगावची एसटी धरायची होती. तू कोणाला तरी पोचवायला आलेला. डोळे पिवळे होते का? मी आठवून आठवून पाहतो. मी तुझ्या डोळ्यांकडं पाहिलंच नसावं. तू विचारलंस, "वही पाह्यली का?"

"पाहतो. ह्या सुट्टीत पाहतो."

"पाहा," तू म्हणालास. बस. आणि बाकावर जागा करून दिलीस.

तू गेल्यावर त्या रविवारी तुझ्या घरी मी बसलो होतो तेव्हा मावशी माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, संपलं असावं. म्हणाली, "दिगांबर, तू काऊन येत नोयता रे बापू? मी इचारो त्याले. तो म्हने, कॉलेजात लय काम रायते त्याले, मोठा मानूस हाय तो आता." मी मान हलवली. हो मावशी, काम असते. तू तिला सांगितलं नव्हतंस. घरात तू मला सांभाळून ठेवलं होतंस, आणि मी त्या सांभाळण्याच्या आड आणखी एकदा लपलो. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे. ते मी सांगीन. ते इथं लिहून ठेवलं म्हणजे टाळता येणार नाही.

त्या आठवड्यात वही काढली. पहिलं पान उघडलं आणि तुझा आवाज आला. 'आता हे पाहा', 'घाबरू नका', 'इथं बहुतेक जण घसरतात, मीही घसरलो'. पेटीतला कण, झोक्यासारखा हेलकावणारा कण, तापलेल्या धातूतले अणू, बर्फ होताना पाण्यातून निघणारी ऊब. तू पोरांना बोटाला धरून नेलं आहेस. चाळिसाव्या उदाहरणापर्यंत मी भराभर आलो, एकदोन चिन्हं सुधारली, एका ठिकाणी मोठ्यानं हसलो. मग पान उलटलं.

तिथं प्रश्न लिहिलेला होता. खाली अर्धं पान कोरं. आणि तळाशी एक ओळ: 'या उदाहरणाबद्दल दिगंबररावांशी मतभेद आहे. ते तपासून सांगतील, मग लिहू.'

प्रल्हाद, तुझ्याकडं उत्तर होतं. खात्री होती. आईच्या हाताला झटका बसला होता. तरी तू जागा सोडलीस.

मी दुपारी दार लावून बसलो. पहिल्या वेळी तिप्पट आलं. वाटलं, तू गेल्याच्या दुःखात मी तुला हवं ते काढतो आहे. दुसऱ्या वेळी वेगळ्या वाटेनं काढलं. तिप्पट. तिसऱ्या वेळी आपल्या रीतीनं, तोंडानं, रिकाम्या खोलीत मोठ्यानं सांगत गेलो, एक इंग्रजी शब्द न घेता. अडलो नाही. लाट मध्ये उंच आहे, भिंत तिला तिथं शून्यावर आणते, तिला दोन घड्या पडतात, घडी अर्धी झाली की ऊर्जा चौपट. तुझेच शब्द. अडीच वर्षं कानात होते.

आणि मग आणखी एक दिसलं, जे तुलाही दिसलं नसावं, कारण नाहीतर तू धावत आला असतास, 'अहो' म्हणत का होईना. छापलेलं शून्य उगाच आलेलं नाही. कण जर खालून दुसऱ्या पायरीवर असता, तर त्याची लाट मध्ये आधीच शून्य असती. तिथं भिंत घातली तर तिला पत्ताही लागत नाही. काम खरोखर शून्य! म्हणजे पुस्तकवाल्यानं प्रश्न दुसऱ्या पायरीचा मांडला असणार, आणि छापताना कुठंतरी 'दुसरी'ची 'सगळ्यांत खालची' झाली असणार. उत्तरही चुकलेलं नाही आणि तूही चुकलेला नाहीस. चुकलो फक्त मी.

मी खुर्चीवरून उठलो. मला अक्षरशः चप्पल पायात घालून कोणाकडं तरी जावंसं वाटलं. दारापर्यंत गेलो. मंडळी म्हणाली, "कुठं निघाले?" खामगावात एवढी माणसं. सरकी, गंजी, सोयरीक, निवडणूक, कशावरही बोलायला माणूस मिळतो. एका पायरीचा फरक सांगून ज्याच्या तोंडावर उजेड पडेल असा माणूस आख्ख्या जिल्ह्यात एक होता. मी चप्पल काढली आणि परत बसलो.

सोमवारी शिक्षकखोलीत गेलो. ठरवून गेलो होतो. तेच टेबल, बहुतेक तेच लोक. मी उभा राहून म्हटलं की, अडीच वर्षांपूर्वी इथं माझ्या मित्राला मी भाजीवाला म्हणून हिणवलं होतं, पुस्तकात चूक काढली म्हणून. त्याचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. तो गेला.

जोगळेकर खरंच आठवू पाहत होते. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "कोण हो? ते सायकलवाले? अरेरे. पण असं काही झालं होतं का? मला नाही आठवत." दुसरे म्हणाले, "तुम्ही मनाला फार लावून घेता, सर. चहा घ्या."

कोणालाच आठवत नव्हतं. मी ज्यांच्यासमोर मोठा दिसावा म्हणून तुला लहान केलं, त्यांच्या लक्षातही ते राहिलं नाही. दोघांच्याच लक्षात होतं. त्यातला एक गेला.

मग लायब्ररीत गेलो, निळं पुस्तक घेतलं, शाईचं पेन उघडलं. हात थांबला. वडील आठवले. पण लिहिलं. छापील शून्याशेजारी 'तीनपट' लिहिलं आणि तुझं पूर्ण नाव, गावासकट. ग्रंथपाल म्हणाले, "सर, पुस्तकात लिहायची मनाई आहे, तुम्हीच पोरांना सांगता." मी म्हटलं, दंड लावा.

तुझ्या वहीतलं कोरं अर्धं पान मी भरलं. तुझ्या भाषेत भरायचा प्रयत्न केला; जमलं तेवढं जमलं. मुखपृष्ठावर तुझं एकट्याचं नाव राहील. नागपूरला एक छापखानेवाला ओळखीचा आहे. तो म्हणतो, हे घेणार कोण? मी म्हटलं, त्यावरून मी लिहिणाऱ्याशीच बरीच वर्षं भांडलो आहे, तुम्ही नका भांडू.

वही एव्हाना छापायला गेली असती. पण शेवटचं, अठ्ठावन्नावं उदाहरण. हे कोणत्याच पुस्तकातलं नाही, तू स्वतः रचलेलं आहे. तीच पेटी, तीच भिंत, पण आता पेटी उघड्या हवेत, बाहेरची ऊब आत येऊ शकते अशी. भिंत सावकाश सोडली. कण आता डाव्या खोलीत आहे की उजव्या, हे आपल्याला माहीत नाही. तू लिहितोस, म्हणून गोंधळ, म्हणजे पुस्तकातली एन्ट्रॉपी, वाढला, दोन खोल्यांचा म्हणून लॉग दोनइतका, आणि तेवढी ऊब बाहेरून आत आली.

मला हे पटत नाही. लाट दोन्ही खोल्यांत सारखी पसरलेली आहे. ती 'इकडं किंवा तिकडं' नाही, ती दोन्हीकडं मिळून एकच अवस्था आहे. मग गोंधळ कसला वाढला? माझ्या हिशेबानं काहीच वाढत नाही. चार दिवस मी यावर आहे. काल वाटलं, सगळं त्या 'सावकाश' शब्दावर आहे. भिंत किती सावकाश सोडली, ते तू लिहिलेलं नाहीस. फारच सावकाश असेल तर तुझं बरोबर, तितकी नसेल तर माझं. की हेही मी माझं उत्तर वाचवायला काढलेलं आहे? तू असतास तर दोन मिनिटांत मला बह्याड म्हणून मोकळा झाला असतास, किंवा डोकं खाजवून म्हणाला असतास, "थांब बे, करून पाहू."

भिंतीला मी दुसरा काही अर्थ लावणार नाही. तुला चाललं नसतं. हे उदाहरण आहे आणि ते सुटायला पाहिजे.

मला वाटतं तू चुकला आहेस. पूर्वी असं वाटलं की मी मागचं पान उघडायचो, आणि तू नाक मुरडायचास. आता मागचं पान मीच लिहायचं आहे. आज दुपारी लिहिलं. अठ्ठावन्नाव्यापुढं दोन उत्तरं लिहिली, एकाखाली एक, तुझं वर. त्यांच्याखाली: 'दोघांत मतभेद आहे. तपासणारा दुसरा नाही. वाचणाऱ्यानं स्वतः करून पाहावं, आणि दोघंही चुकलो असं निघालं तर तसं लिहावं. शाईनं.'